डब्बा टीव्हीपासून ओएलईडीपर्यंत: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. शब्दही शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डब्बा, प्लाझ्मा, एलसीडी, एलईडी, ओएलईडी... एवढ्या नावांत नेमका फरक काय?

प्रत्येक नावापाशी एकच गोष्ट विचारायची: उजेड येतो कुठून? डब्बा टीव्हीत काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. मागून इलेक्ट्रॉनचा झोत आदळला की तो लेप चमकतो. प्लाझ्मात लाखो बारीक कप्प्यांत कोंडलेला वायू ट्यूबलाइटसारखा पेटतो. एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देतच नाही. मागे दिवे असतात, आणि पुढचे द्रवस्फटिक झडपेसारखं काम करून तो उजेड सोडतात किंवा अडवतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका हाच एक दिवा. तो विझवला की तिथे खरा काळोख.

दुकानात ऐकू येणारी बाकीची बहुतेक नावं या चौघांपैकी कुणाची तरी पोटजात असतात.

२. माझा एलईडी आहे, शेजाऱ्याचा एलसीडी. माझा वरच्या जातीचा ना?

जात एकच. दोन्ही एलसीडीच. शेजाऱ्याच्या टीव्हीत मागे पारा असलेल्या बारीक, पांढऱ्या ट्यूब आहेत, तुमच्यात एलईडीच्या पट्ट्या. २००९च्या सुमारास कंपन्यांनी ट्यूबच्या जागी एलईडी बसवायला सुरुवात केली आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एलईडी टीव्ही’ छापलं. लोकांना वाटलं, पडदाच बदलला. बदलला होता तो मागचा दिवा. त्याने टीव्ही सडपातळ झाला, वीज कमी खाऊ लागला, पारा गेला. हे फायदे खरेच आहेत.

त्या दिव्यामागे मोठं काम आहे. लाल आणि हिरवा एलईडी जुना, पण निळा चांगला जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो जमवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या टीव्हीतला ‘पांढरा’ एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर. हे लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये लागेल.

३. डब्बा टीव्ही चालायचा तरी कसा? आणि त्यातून ती बारीक शिट्टी कसली यायची?

कॅथोड किरणांची ही नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये केली. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं ते १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. गच्चीवर एक जण सेमिनरी हिल्सच्या टॉवरच्या रोखाने अँटेना फिरवतोय आणि खालून दुसरा “आलं, आलं... गेलं!” ओरडतोय, हे ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको.

रंगीत ट्यूबच्या मानेत तीन गन असतात. त्यांचे झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असे धावतात. एका चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा: १५,६२५. तितक्या वेळा दर सेकंदाला झोत आडवा धावतो, आणि मागचा ट्रान्सफॉर्मर (आम्ही त्याला एलओटी म्हणतो) त्याच तालावर थरथरतो. तीच ती शिट्टी. लहान मुलांना ती पलीकडच्या खोलीतूनही ऐकू यायची, आजोबांना शेजारी बसूनही नाही, कारण वय वाढलं की एवढा बारीक आवाज कानाला लागत नाही. सुरू करताना ‘धुम्म’ व्हायचं ते चुंबकाचा डाग काढणाऱ्या कॉइलचं. काचेजवळ हात नेला की अंगावरची लव उभी राहायची, कारण आत २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असायचा. तो टीव्ही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये टिकून राहतो. म्हणून डब्बा घरी उघडू नका. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं: एक हात खिशात, मग दुसरा टीव्हीत.

४. जुन्या २१ इंचीवर केबल झकास दिसायची. आता ४३ इंची फोर-के घेतला तर चित्र धूसर! टीव्ही खराब निघाला का?

टीव्ही चांगला आहे, त्याला खाऊ घालताय ते कमी पडतंय. साध्या एसडी चॅनेलचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर वीसपट. म्हणजे दर वीस ठिपक्यांमागे एकच खरा, उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. डब्ब्याला ठरावीक ठिपक्यांचं बंधन नव्हतं. तो रेषा काढायचा, आणि झोताच्या कडा जरा मऊ असल्यामुळे दोष झाकले जायचे. वर पडदाही लहान.

नागपुरात केबल डिजिटल करण्याच्या मार्च २०१३च्या मुदतीच्या आगेमागे घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, आणि पुष्कळ घरांत अजून तेच वळण सुरू आहे: टीव्ही नवा, बॉक्स जुना, मधली वायर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआय वायर लावा, आणि जुने चौकोनी कार्यक्रम ताणून बघू नका. परवा एका काकाजींकडे फक्त वायर बदलली. ते म्हणाले, “बाप्पा, यासाठीच मी टीव्ही परत करून राहिलो होतो!”

५. क्रिकेटमध्ये बॉलला शेपूट येतं. डब्ब्यावर येत नव्हतं. हे कसं?

डब्ब्यावर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. मधे काळोख. नव्या पडद्यावर चित्र पुढचं चित्र येईपर्यंत तसंच धरून ठेवलेलं असतं, सेकंदाला ५० चित्रं धरली तर २० मिलिसेकंद. तेवढ्यात तुमचा डोळा बॉलमागे पुढे सरकलेला असतो आणि चित्र जागेवरच. डोळ्यात ते फासलं जातं. स्वस्त एलसीडीत स्फटिक हळू वळतात त्याची भर वेगळी. ओएलईडी ठिपका झटकन बदलतो, पण चित्र धरून ठेवण्याचा दोष तिथेही आहे, म्हणून शेपूट कमी होतं, जात नाही.

सेटिंगमध्ये हालचाल ‘गुळगुळीत’ करण्याचा पर्याय असतो. मॅच पाहताना चालू ठेवा. सिनेमाला बंद करा, नाहीतर मोठा सिनेमाही लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. चालत्या चित्राच्या बाबतीत डब्बा उजवा होता, हे माझं मत मी सोडणार नाही.

६. भाऊ, आवाज येऊन राहिला पण चित्र नाही. पॅनेल गेलं का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. घाबरण्याआधी एक करा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, टीव्ही सुरू ठेवा, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. बारकाईने बघा. टॉर्चच्या गोलात फिकट, राखाडी, भुतासारखं चित्र हलताना दिसलं, एखादा चेहरा, चॅनेलचा लोगो, तर पॅनेल जिवंत आहे. मेलाय तो मागचा दिवा.

होतं असं की पट्टीवरचे एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक तुटला की सगळी माळ बंद. तो एकच एलईडी बदलून देणारे भेटतील, स्वस्तही पडेल, पण बाकीचे तितकेच म्हातारे असतात. दोन महिन्यांत पुढचा जातो, आणि दरवेळी पॅनेल उचलावं लागतं. उचलताना ते तडकण्याची भीती असते. म्हणून पट्ट्या पूर्ण सेटच बदला. आणि नवीन लागल्या की सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. शोरूमच्या झगमगाटासाठी ठेवलेली सेटिंग घरी तशीच चालू राहते, त्यातच या पट्ट्या जळतात.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर बोर्ड किंवा पॅनेल, ते उघडूनच कळेल. हा उपाय ओएलईडीला लागू नाही. तिथे मागे दिवाच नसतो.

७. पडदा निळसर-जांभळा झालाय, मधेमधे पांढरे गोल डाग आहेत. हे पॅनेलचं दुखणं आहे का?

दोन्ही दुखणी मागच्या पट्टीची. एलईडीवरचा पिवळा फॉस्फर उष्णतेने मेला की खालचा मूळ निळा उघडा पडतो (प्रश्न २). पांढरे गोल म्हणजे एलईडीवरची उजेड पसरवणारी छोटी भिंगं गोंद सुकून खाली पडलीत. उपाय प्रश्न ६ चाच.

८. उभ्या रेषा येतात, थापट मारली की जातात. मारत राहू का?

नको. डब्ब्याला थापट चालायची, कारण बऱ्याचदा आतला सुटलेला डाग, म्हणजे ड्राय सोल्डर, तेवढ्यापुरता चिकटायचा. एलईडीत उभ्या रेषा बहुधा काचेच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फितींच्या असतात. तुमच्या थापटेने ती फीत क्षणभर टेकते, पुढच्या थापटेने काच जाते. फीत पुन्हा दाबून बसवायचं यंत्र असतं. काम टिकेलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर लेखी वॉरंटी मागा.

९. उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर आणि टीव्ही समोरासमोर आहेत. चालतं ना?

चालत नाही, आणि हे दुखणं आपल्याकडे जास्तच. बाहेर ४५ अंश, खिडकीत कूलर, आणि त्याचा ओला झोत थेट टीव्हीच्या तोंडावर. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. पण उष्णतेपेक्षा मला भीती त्या ओल्या वाऱ्याची. पडद्याच्या कडेच्या फितींना ओल लागली की त्या गंजतात, मग प्रश्न ८ मधल्या रेषा. बोअरच्या पाण्याचे क्षार वेगळेच. एकदा टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर पॉवर सप्लायवर धुळीचा आणि पांढऱ्या क्षाराचा एवढा थर होता की वर कूलरच्या वाळ्याची काडीही चिकटलेली निघाली.

टीव्ही कूलरच्या बाजूच्या भिंतीवर घ्या, झोत त्याला ओलांडून जाईल असा. मागे चार बोटं जागा सोडा. लाकडी कपाटात ठोकून बसवलेला टीव्ही मे महिन्यात आतल्या आत शिजतो. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन पडद्यावर पडत असेल तर दुपारी पडदा ओढा.

१०. पडदा पुसायला काचेचा स्प्रे चालेल?

डब्ब्याला चालायचा, ती जाड काच होती. नव्या पडद्यावर फवारा मारलात तर थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतो, नेमका फितींपाशी. मऊ कोरडं कापड घ्या. अगदीच लागलं तर कापड किंचित ओलं करा, पडदा नको.

११. क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी: घ्यायचा कोणता?

क्यूएलईडी हा ओएलईडीचा भाऊ नाही. एका अक्षराच्या फरकाने किती लोक फसलेत! तो एलसीडीच आहे, फक्त दिवा आणि पडदा यांच्यामध्ये क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग शुद्ध होतात. या बारीक कणांवरच्या कामाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा माल नकली नाही. पण काळा रंग एलसीडीचाच, म्हणजे गडद राखाडी. मिनी-एलईडीत मागचे दिवे खूप आणि छोटे, गटागटाने मंद होणारे, त्यामुळे काळा पुष्कळ सुधारतो. अंधारातल्या एका पणतीभोवती मात्र धूसर वलय दिसतं. ओएलईडीत ते वलय नाही, काळा म्हणजे काळाच.

मी घराकडे बघून सांगतो. दिवसभर उघड्या खिडक्यांचा हॉल, टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत सुरू, बातम्या आणि मालिका: चांगला मिनी-एलईडी, नाहीतर साधा एलईडीही पुरे. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणारं घर, खोलीत एसी: ओएलईडी, जमत असेल तर. शोरूममध्ये फुलं आणि पोपटांचा डेमो बघू नका. सिनेमातलं रात्रीचं दृश्य लावायला सांगा आणि शक्य असेल तर तिथला उजेड कमी करायला लावा.

१२. ओएलईडीवर लोगो छापला जातो म्हणतात. खरं की अफवा?

खरं आहे. मात्र एका दिवसात होत नाही. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य वापराने झिजतं. बातम्यांच्या चॅनेलची लाल पट्टी रोज आठ तास एकाच जागी असेल तर तिथले ठिपके बाकीच्यांच्या आधी म्हातारे होतात, आणि मग सिनेमातही ती पट्टी पुसट दिसते. डब्ब्यावर आणि प्लाझ्मावरही हे व्हायचं.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. ओएलईडी रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत ठिपक्यांची झीज मोजून सारखी करायचं काम करतो. आपल्याकडे सवय अशी की टीव्ही बंद केला की लगेच भिंतीवरचं बटणही बंद. मग ते काम होतच नाही. रिमोटने बंद करून सोडून द्या. अपवाद फक्त विजा कडाडत असतील तेव्हाचा, तो पुढच्या उत्तरात.

१३. स्टॅबिलायझर लागतो का?

कमी व्होल्टेजसाठी नाही. नव्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, मागच्या स्टिकरवर बघून घ्या. मारतो तो जास्तीचा व्होल्टेज. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४००च्या जवळपास येऊ शकतो, आणि एका संध्याकाळी अख्ख्या गल्लीचे टीव्ही दुकानात रांगेने येतात. म्हणून घ्यायचंच तर जास्त दाबाला लाइन तोडणारं यंत्र घ्या. घराचं अर्थिंगही तपासा.

मेअखेर वादळी पाऊस सुरू झाला की प्लग काढा. केबलची वायरही काढा. लोक प्लग काढतात आणि केबल तशीच ठेवतात. वीज तिकडून येते आणि एचडीएमआयचं पोर्ट जाळते.

१४. नवा टीव्ही वीज वाचवतो म्हणून घेतला, बिल तर तेवढंच!

२१ इंची डब्बा साधारण ८० वॅट. रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट. ३२ इंची एलईडी ४० वॅट धरा, ६ युनिट. पण तुम्ही घेतलात ५५ इंची, तो १२० वॅटच्या आसपास, म्हणजे १८. पडदा वाढवला तिथे बचत गेली. आणि २०० वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात. बिलाचा राग टीव्हीवर काढू नका.

१५. टीव्ही दाराच्या वर लावला. खाली बसून जेवताना रंग फिके दिसतात, काऊन?

एलसीडीचा उजेड झडपांतून येतो, आणि झडपेतून तिरपं बघितलं की ती अर्धवट उघडी दिसते. एलसीडी पॅनेलच्या व्हीए आणि आयपीएस अशा दोन जाती आहेत. व्हीएचा काळा छान, पण बाजूने रंग उडतात. आयपीएसचे रंग बाजूनेही टिकतात, काळा मात्र पांढुरका. जुन्या स्वस्त पॅनेलवर खालून बघितलं तर माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे उलटे व्हायचे. टीव्ही खाली घ्या, किंवा पुढे झुकणारा स्टँड लावा. डब्बा आणि ओएलईडी यांना हा त्रास फारसा नाही.

१६. प्लाझ्मा टीव्ही आहे, दुरुस्त होईल?

बोर्डाचं काम असेल तर प्रयत्न करता येतो. पॅनेल गेलं असेल तर नाही. पॅनासॉनिकसारख्या मोठ्या कंपनीने २०१३च्या अखेरीसच उत्पादन थांबवलं. चित्र सुरेख होतं, पण मे महिन्यात त्या टीव्हीसमोर बसणं म्हणजे शेगडीसमोर बसणं.

१७. मोबाइल घेताना ॲमोलेड बघायचा की एलसीडी?

ॲमोलेड म्हणजे ओएलईडीच, म्हणून प्रश्न १ आणि १२ इथेही लागू. डार्क मोडने बॅटरी वाचते ती फक्त ॲमोलेडवर. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो. उलट, पुष्कळ ॲमोलेड पडदे उजेड कमी करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा उघड-मीट करतात. काहींचं त्याने डोकं दुखतं. दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, पट्टे सरकताना दिसतील. पोलरॉइड गॉगल घालून पेट्रोल पंपावरचा आकडा काळा दिसला तर पंपवाल्याशी भांडू नका. एलसीडीचा उजेडही पोलरॉइड गाळणीतूनच येतो. मान तिरकी करा, आकडा दिसेल.

१८. घरचा डब्बा अजून सुरू आहे. ठेवू की कबाड्याला देऊ?

सुरू असेल आणि बॉक्सला पिवळी पिन असेल तर ठेवा. आजीला त्यावर तिची मालिका बघायची असेल तर बघू द्या. द्यायचाच असेल तर रस्त्यावरच्या कबाड्याला नको. तो कॉइलच्या तांब्यासाठी ट्यूबची मान फोडतो. आत निर्वात असल्याने काच उडते, आणि मागच्या शंकूच्या काचेत शिसं असतं. ते मग नाल्याकाठच्या मातीत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत रीसायकलरकडे जायला हवा. नवा टीव्ही घेताना दुकानदाराला एक्सचेंजमध्ये जुना न्यायला सांगा, आणि कुठे जाणार हे विचारा.

१९. माळ्यावर लहानपणीचा पिवळ्या कॅसेटचा व्हिडिओ गेम सापडला. नव्या टीव्हीवर सगळं चालतं, फक्त बंदूक लागत नाही. बंदूक बिघडली का?

बंदूक ठीक असेल. तिच्यातून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत उजेड टिपणारा डोळा आहे. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डोळ्याला त्याच क्षणी पांढरं दिसलं तर पक्षी पडला. डब्ब्यावर चौकोन ताबडतोब उमटायचा. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी मोठं करतो, सुधारतो, मग दाखवतो. तोवर गेमने ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं. टीव्हीतला गेम मोड लावूनही बहुधा जमत नाही, कारण कित्येक बंदुका प्रश्न ३ मधल्या त्या १५,६२५च्या तालावरची लुकलुकच ओळखतात.

म्हणून गेल्या महिन्यात एक जण फक्त या बंदुकीसाठी आमच्याकडून १४ इंची डब्बा घेऊन गेला. त्याच्या मुलाला पक्ष्यांचं काही वाटलं नाही. तो विचारत होता, ही शिट्टी कुठून येते.